बुकित बातोकहून वावाउला

मनिलाच्या प्रशिक्षण केंद्रात परीक्षा अशी नव्हतीच, तरी जाई चक्रनारायण तिथं नापास झाली होती. शिकवणाऱ्या बाई एका खोलीत अनोळखी घरमालकीण होऊन बसायच्या. नव्या मुलामुलींनी दार वाजवून आत जायचं, आपण कोण ते सांगायचं आणि देवाबद्दल चार शब्द बोलायचे, असा तो सराव होता. जाईनं दार वाजवलं. बाईंनी दार उघडून जरा तुसडेपणानंच विचारलं, काय हवंय म्हणून. त्या एका प्रश्नानं जाईची पाठ केलेली सगळी वाक्यं पार पुसून गेली. "सॉरी, घर चुकलं," असं म्हणून तिनं स्वतःच्या हातानं दार ओढून घेतलं. बाहेर उभी असलेली मुलं हसून हसून बेजार झाली. जाईही हसली. पण पुढचं दीड वर्ष हेच तर करायचं होतं.

जाई पुण्याची, खडकीची. वय वीस. घराणं मूळचं नगरकडचं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती, आणि आजोबा तिथल्या मंडळीत मानाचे वडीलजन. जाई शाळेत असताना तिच्या आईवडिलांनी, म्हणजे विनीता आणि सुबोध चक्रनारायण यांनी, ती जुनी मंडळी सोडली आणि लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्यांच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. आजोबांनी कित्येक महिने अबोला धरला. या चर्चमधली तरुण मुलंमुली कॉलेज किंवा नोकरी मध्येच थांबवून मिशनवर जातात. मुलं दोन वर्षं, मुली दीड. कुठं जायचं ते आपल्या हातात नसतं, चर्च पाठवेल तिकडं जायचं. जाईला सिंगापूर आलं तेव्हा आजोबांनी फोनवर एवढंच विचारलं, "अनोळखी लोकांशी तू बोलणार? तू?" आजोबांचंही काही चुकत नव्हतं. रिक्षावाल्याला पत्ता सांगायची वेळ आली तरी जाई धाकट्या बहिणीला पुढं करायची.

नव्या मुलीनं पहिले तीन महिने एका अनुभवी मुलीच्या हाताखाली काढायचे, असा मिशनचा नियम आहे. दोघींनी एका फ्लॅटमध्ये राहायचं, पहाटे एकत्र उठायचं, एकत्र अभ्यास करायचा, एकत्र बाहेर पडायचं आणि एकमेकींच्या नजरेआड व्हायचं नाही. मिशनवरच्या मुलींना सिस्टर म्हणतात; जाईच्या वाट्याला सिस्टर मोआला आली.

सिस्टर मोआला तोंगा देशातल्या वावाउ नावाच्या बेटावरची. हे नाव जाईनं जन्मात ऐकलं नव्हतं. भर समुद्रात, न्यूझीलंडच्याही पलीकडं कुठंतरी ते होतं. मुलगी उंच, रुंद खांद्यांची, आणि चालायची अशी की वाट आपसूक मोकळी व्हावी. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर तिनं जाईच्या दोन्ही बॅगा एका हातात घेतल्या आणि दुसरा हात जाईच्या खांद्यावर टाकला. चक्रनारायण हे आडनाव तिनं दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा ती खळखळून हसली आणि "सिस्टर चक्रा" असं बारसं करून मोकळी झाली.

तोआ पायोहमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पहिल्या सकाळी जाईला जाग आली ती गाण्यानं. सिस्टर मोआला ओट्याशी उभी राहून अंडी फेटत होती आणि कुठलंसं स्तोत्र गुणगुणत होती. गुणगुणत होती म्हणायचं एवढंच. तो आवाज इतका खालच्या पट्टीतला आणि भरीव होता की जाईनं टेबलावर हात ठेवला तर लाकडात तो थरथरताना जाणवला. नंतर दोघी प्रार्थनेला गुडघ्यांवर बसल्या. लहानपणापासून जाईनं प्रार्थना ऐकल्या होत्या, नगरच्या मंडळीतल्या लांबलचक आणि खडकीतल्या नेटक्या, पण अशी नव्हती ऐकली. सिस्टर मोआला देवाशी तोंगन भाषेत असं बोलत होती, जसं कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलावं. मध्येच हसली, मध्येच गप्प राहिली, जणू पलीकडून उत्तर येतंय. जाईनं एक डोळा किलकिला करून पाहिलं आणि तिच्या अंगावर काटा आला. आपण आजवर ज्याला प्रार्थना म्हणत होतो ते नुसतं पाठांतर होतं की काय, असं तिला वाटून गेलं.

दिवसभर त्या भटकत. मेट्रोच्या, इथल्या भाषेत एमआरटीच्या, स्टेशनांबाहेर, खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरांच्या आसपास, इमारतींच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, जिथं म्हातारी माणसं दगडी टेबलांवर पट मांडून बसतात तिथं. सिस्टर मोआला प्रत्येकाशी आपलं जुनं नातं असल्यासारखी बोलायची. कुणी ऐकायचं, बहुतेक लोक हात हलवून नको म्हणायचे. एका आजोबांनी पटावरची नजरसुद्धा न काढता, इथल्या 'लाह' लावायच्या ढंगात सांगितलं, "मी बौद्ध आहे लाह," आणि सिस्टर मोआलानं त्यांच्या सोंगटीचं कौतुक करून त्यांना हसवलं. जाई शेजारी उभी राहायची आणि छातीवरची, चर्चचं नाव लिहिलेली काळी नावपट्टी नीट करायची. कित्येक दिवस ती कुणाशी स्वतःहून एक अक्षर बोलली नाही. सिस्टर मोआलानं तिला एकदाही टोकलं नाही. "तू ऐकतेयस ना? ऐकत राहा," एवढंच ती म्हणायची.

तोंड उघडलं ते अपघातानं. जुरोंग ईस्टला गाडी बदलताना गर्दीत जाईचा पाय एका बाईंच्या पायावर पडला आणि ती भान हरपून मराठीत बोलून गेली, "अय्या, लागलं का हो?"

बाई थांबल्या. हातातल्या पिशवीतून शेपूची जुडी डोकावत होती. त्यांचा चेहरा आधी खुलला, मग नजर नावपट्टीवर गेली आणि तो जरा आवळला. त्यांचं नाव अरुणा. नवरा संजीव इथं एका कंपनीत नेटवर्कचा इंजिनिअर होता, आणि बुकित बातोकला त्यांचा भाड्याचा फ्लॅट होता. त्या मूळच्या सातारच्या, पण लग्नानंतर पुणेकर. पाच मिनिटं खडकीतल्या ओळखीपाळखी निघाल्या. निघताना अरुणाकाकूंनी स्पष्ट सांगितलं की घरचं जेवायला कधीही ये, या तुझ्या उंच मैत्रिणीलाही आण, पण माझ्या घरात धर्माचा विषय काढायचा नाही. जाईनं कबूल केलं. इंग्रजीत तिनं ते सिस्टर मोआलाला सांगितलं तेव्हा तीही मान डोलावून म्हणाली, की जेवण हा विषय तिला पुरेसा आहे.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी त्या बुकित बातोकला जेवायला जाऊ लागल्या. संजीवकाका सुरुवातीला अवघडून बसायचे. पदार्थ वाढताना ते कुणाकडं बघायचे नाहीत. पण त्यांची दहा वर्षांची लेक अवनी सिस्टर मोआलाच्या मागंच लागली. तिच्याकडून ती तोंगन गाणी शिकायची आणि आईनं मराठीत हाक मारली की इंग्रजीत उत्तर द्यायची. सिस्टर मोआला वरणभात हातानं कालवून खायला शिकली. बेटाबद्दल ती भरभरून सांगायची. तिचे वडील व्हॅनिलाची शेती करायचे आणि संध्याकाळी गावच्या चर्चमधला गायकवृंद चालवायचे. सिस्टर मोआला बारा वर्षांची असल्यापासून त्या वृंदात गात होती. दुसऱ्या ओळीत, खिडकीपाशी, हे तिचं ठिकाण. ती मिशनला निघाली त्या संध्याकाळी वडील बंदरावर सोडायला आले नव्हते. त्या दिवशी तालीम होती. "ते म्हणाले, तू तुझ्या कामाला जा, मी माझ्या," असं सांगताना ती हसली होती, आणि त्या हसण्यात कुठंही तक्रार नव्हती.

मग एका बुधवारी सकाळी, अभ्यासाच्या वेळात, दारावरची बेल वाजली. बाहेर मिशनचे अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी उभे होते. न कळवता ते कधी येत नसत. अध्यक्षांच्या पत्नीनं आत येताच सिस्टर मोआलाचे दोन्ही हात हातात घेतले, आणि त्यांना काही सांगावंच लागलं नाही. शेतात काम करता करता वडील खाली बसले होते आणि उठले नव्हते.

सिस्टर मोआला जमिनीवर बसली. एवढी मोठी मुलगी किती लहान दिसू शकते, हे जाईनं तेव्हा पाहिलं.  केंद्रात शिकवलेलं एकही वाक्य या जागी बसणारं नव्हतं. ती नुसती जाऊन तिच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून.

अध्यक्षांनी सांगितलं, तुला घरी जायचं असेल तर आत्ताच्या आत्ता तिकीट काढू. विमानं नीट जुळली तर शनिवारच्या दफनविधीपर्यंत पोचशील. राहायचं असेल तरीही कुणी काही म्हणणार नाही. सिस्टर मोआलानं आईला फोन लावला. बराच वेळ दोघी नुसत्या रडत होत्या, मग हळूहळू बोलल्या. मग ती आतल्या खोलीत गेली आणि गुडघ्यांवर बसली. नियम होता, म्हणून जाई उंबरठ्यावर उभी राहिली. या खेपेला सिस्टर मोआला हसली नाही, कुजबुजलीही नाही. ती नुसतीच बसून होती, आणि ते इतका वेळ चाललं की बाहेरच्या खोलीत अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले.

उठल्यावर ती म्हणाली, "मी राहते. आई म्हणाली, आलीस तर मला बरं वाटेल, राहिलीस तर तुझ्या बाबांना." एवढं बोलून तिनं तोंड धुतलं आणि दुपारी दोघी कामाला बाहेर पडल्या. जाईनं तिला थांबवायचा प्रयत्न केला. सिस्टर मोआला फक्त म्हणाली, घरात बसले तर भिंती अंगावर येतील. त्या दिवशी ती लोकांशी बोलली नाही. पटावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांचा डाव बघत राहिली. मग रस्त्यावर उभ्या एका बाईंनी त्यांच्या नावपट्ट्या बघून विचारलं, तुम्ही कोण, कुठल्या, आणि सिस्टर मोआलाच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा जाई पुढं झाली. काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या निघून गेल्या, एवढंच.

शनिवारचं जेवण रद्द करायला जाईनं अरुणाकाकूंना फोन केला. सगळी हकिकत सांगितली. दफनविधी शनिवारी सकाळी, म्हणजे तिकडची दुपार. सिस्टर मोआलाचा भाऊ सिओने मोबाईलवरून दाखवणार आहे. चॅपलचा हॉल मिळतोय, पण त्या रिकाम्या हॉलमध्ये बसायला तिचं मन घेत नाही, म्हणून आम्ही फ्लॅटवरच मोबाईलवर बघू.  

"मोबाईलवर नको," अरुणाकाकू म्हणाल्या. "मोबाईलवर मुळीच बघू देऊ नकोस तिला. इकडं या. आमचा टीव्ही मोठा आहे."

शनिवारी सकाळी त्या पोचल्या तेव्हा दिवाणखान्यातलं टेबल भिंतीला सरकवलेलं होतं. देवघरात नेहमीसारखा दिवा होता. सिस्टर मोआलानं काळा झगा घातला होता आणि कमरेला विणलेली एक चटई गुंडाळून दोरीनं बांधली होती. तिच्या देशात दुःखात आणि मानाच्या प्रसंगी तसं बांधतात. मिशनला निघताना आईनं बॅगेच्या तळाशी ती घडी ठेवली होती. त्या वेशात ती दारात उभी राहिली तेव्हा संजीवकाका नकळत खुर्चीवरून उठले.

टीव्हीवर बेट आलं. पांढऱ्या रंगाचं साधं चर्च, उघड्या खिडक्या, बाहेर नारळाची झाडं वाऱ्यानं वाकलेली, आणि आत काळ्या कपड्यांतली, कमरेला चटया बांधलेली गच्च माणसं. पुढं, नक्षीच्या कापडानं झाकलेली शवपेटी. सिओनेनं मोबाईल फिरवून गायकवृंद दाखवला. सगळे आपापल्या जागी उभे होते. समोर, जिथं वडील उभे राहायचे, तिथं कुणीही नव्हतं. कुणाचीच तिथं उभं राहायची हिंमत झाली नव्हती. आणि दुसऱ्या ओळीत, खिडकीपाशी, एक जागा मोकळी सोडलेली होती.

सिओनेनं त्या मोकळ्या जागेत एका उंच स्टुलावर मोठा स्पीकर ठेवला आणि मोबाईल समोरच्या बाकापाशी, सगळे दिसतील असा उभा केला. त्यांनी आपलं ठिकाण राखून ठेवलंय, असं सिस्टर मोआलानं सांगितलं. गावाचं म्हणणं होतं, तिनं तिथूनच गावं.

त्यांनी एक ओळ गाऊन बघितली. इकडं ती त्यांच्याबरोबर गात होती, पण तिकडून सिओने हातानं थांबा थांबा अशी खूण करायला लागला. तिचा आवाज तिथं उशिरा पोचत होता. सगळे ओळ संपवून थांबले की मग हिचा सूर यायचा. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली. सिस्टर मोआलानं मान खाली घातली.

इतका वेळ मागं उभे असलेले संजीवकाका पुढं आले. ऑफिसात दिवसभर ते हेच बघत असत, आवाज इथून तिथं जायला किती वेळ लागतो ते. त्यांनी तिला इंग्रजीत सावकाश समजावलं. "तू त्यांचं ऐकून गातेस. त्यांचा आवाज तुझ्यापर्यंत यायला वेळ लागतो, तुझा परत जायला तेवढाच. तू त्यांच्या मागं गेलीस तर कधीच गाठणार नाहीस. तू सुरुवात कर. एकटी. ते तुझा आवाज ऐकून तुझ्याबरोबर गातील, आणि तिथं सगळं जुळेल."

"म्हणजे मी पुढं," ती म्हणाली.

"हो. पण एक आहे. तुला त्यांचा आवाज ऐकायचा नाही. तो उशिरा येणार. ऐकलास की तू त्यांच्यासाठी थांबशील आणि सगळं मोडेल. मला टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करावा लागेल. ते बरोबर आहेत की नाहीत, तुला कळणार नाही."

सिस्टर मोआलानं ते सिओनेला तोंगन भाषेत सांगितलं.  पहिल्या ओळीतल्या एका म्हाताऱ्यानं मान डोलावली. मग तिनं संजीवकाकांकडं बघितलं, आणि त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

ती उभी राहिली. डोळे मिटले. उजवा हात छातीच्या उंचीपर्यंत उचलला, तळवा वर करून. वडील असाच हात धरायचे हे तिनं जाईला पुढं कधीतरी सांगितलं. आणि तिनं सूर लावला.

त्या दिवाणखान्यात तो सूर मावेना. तो उंच नव्हता, मोठाही नव्हता. जमिनीतून वर आल्यासारखा होता. पहिली ओळ ती एकटी गायली. टीव्हीवर सगळे नुसते बघत उभे होते. जाईला वाटलं, पोचलाच नाही आवाज. ती श्वास रोखून बघत राहिली. इकडं दुसरी ओळ सुरू झाली, आणि मग तिकडं, एकाच क्षणी, सगळ्यांची तोंडं उघडली. मागच्या ओळीतले पुरुष, पुढच्या बाया, पेटीशी बसलेली आई, बाकांवरची पोरं. टीव्हीतून काहीच ऐकू येत नव्हतं. एवढं अख्खं गाव निःशब्द गात होतं, आणि त्या सगळ्यांचा मिळून एक आवाज या खोलीत उभा होता, डोळे मिटून, कुणाचाही सूर कानावर न पडता, कुठंही न थांबता.

 अवनी आईला बिलगली होती. कॉरिडॉरमधून जाणाऱ्या शेजारच्या चिनी मावशी बाजाराची पिशवी घेऊन उघड्या दाराशी थांबल्या होत्या, आणि त्यांना कुणी आत या म्हणालं नाही, की काय झालं ते सांगितलं नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या. जाईनं देवाला पुष्कळदा हाका मारल्या होत्या, तो आहे असं म्हटलं होतं, गाण्यांतून गायलं होतं. पण तो खोलीत आला तर कसं वाटेल, याचा विचार तिनं कधी केला नव्हता. तिला मान वर करायचं धाडस होईना.

गाणं संपलं. सिस्टर मोआलाचा हात खाली आला. टीव्हीवर अजून तोंडं हलत होती. मग तीही मिटली. संजीवकाकांनी आवाज सुरू केला. आधी नुसता वाऱ्याचा आवाज आला. मग सिओने काहीतरी बोलला, अगदी थोडंसं, आणि सिस्टर मोआला आहे तिथंच खाली बसली आणि तिनं चटईत तोंड खुपसलं. बऱ्याच वेळानं तिनं जाईला सांगितलं तो काय म्हणाला ते. "तो म्हणाला, आम्ही सगळे तुझ्याबरोबर होतो. कुणी मागं राहिलं नाही."

पेटी उचलून गाव दफनभूमीकडं निघालं. सिस्टर मोआला बघत होती, अवनी तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. अरुणाकाकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. जाई स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली, जिथून काकू आणि सिस्टर मोआला दोघी दिसत होत्या.

काकूंनी कुकर लावला, गॅस पेटवायचा राहून गेला. ओट्याकडं तोंड करूनच त्या बोलायला लागल्या. त्यांचे वडील लॉकडाऊनमध्ये साताऱ्यात वारले होते. विमानं बंद. चुलत भावानं मोबाईलवर दाखवलं. पीपीई किट घातलेली माणसं आणि लांबवर धूर. "मी ओरडत होते, जाई. बाबा, बाबा म्हणून ओरडत होते. आणि कुणी वळूनही बघेना. फोन ठेवल्यावर मला दिसलं, मी म्यूटवर होते. सगळा वेळ. माझा आवाज तिकडं गेलाच नाही. हे मी संजीवलाही सांगितलेलं नाही."

 जाईनं पुढं होऊन गॅस पेटवला.

काकूंनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच तिच्याकडं वळून बघितलं. "तुमच्यात म्हणतात ना, गेलेली माणसं पुन्हा भेटतात. घर तिकडंही तसंच राहतं. खरंच आहे ते?"

धर्माचा विषय काढायचा नाही ही अट काकूंनीच मोडली होती. या प्रश्नाचं उत्तर जाईला इंग्रजीत तोंडपाठ होतं. मनिलाला ते कितीदा घोटून घेतलं होतं. पण मराठीत ते तिनं कधी म्हटलं नव्हतं, आणि मराठीत ते येईना. काकूंच्या डोळ्यांत बघून तर मुळीच येईना.

"आम्हाला 'मला माहीत आहे' असं म्हणायला शिकवतात, काकू," ती शेवटी म्हणाली. "पण मला माहीत नाही. मला वाटतं, भेटतात. मघाशी ती गात होती तेव्हा फार वाटलं. याच्यापेक्षा जास्त मला नाही सांगता येत."

 काकू हळूच म्हणाल्या, "मी काही तुमच्या चर्चमध्ये येणार नाही हं. पण तिला एक विचारशील? ती वडिलांसाठी प्रार्थना करेल तेव्हा माझ्या बाबांचंही नाव घेईल का? वामन. वामनराव."

जेवायला बसल्यावर सिस्टर मोआलानं सगळ्यांना विचारून हात जोडले. संजीवकाकांनीही मान खाली घातली. तोंगन भाषेत ती हळूहळू बोलत होती, रडून रडून तिचा आवाज बसला होता. कुणालाच काही समजत नव्हतं. मध्येच त्या अनोळखी शब्दांत एक शब्द आला, "वामाना." थोडं थांबून पुन्हा एकदा, "वामाना," जणू त्या माणसाची आणि तिच्या वडिलांची कुठंतरी गाठ घालून देत होती. अरुणाकाकूंच्या ताटात टपटप पाणी पडलं. या खेपेला त्यांनी ते पुसलं नाही, आणि संजीवकाकांनी पहिल्यांदाच विचारलं, "अरुणा, काय झालं?"

अरुणाकाकू पुढं चर्चमध्ये आल्या नाहीत आणि जाईनं कधी बोलावलंही नाही. शनिवारची जेवणं मात्र चालू राहिली. तीन महिने सरल्यावर सिस्टर मोआलाची बदली मलेशियात कुचिंगला झाली आणि जाईकडं एक नवी, सुरुवातीच्या जाईइतकीच भेदरलेली मुलगी आली. तोवर जाई बोलायला लागली होती. फार सुंदर नव्हे, पण बोलायची. लोकांना ती "मला वाटतं" असं म्हणायची. एकदा अध्यक्षांनी तिला याबद्दल विचारलं, तेव्हा तिनं कारण सांगितलं, आणि ते ऐकून घेऊन पुढच्या विषयाकडं वळले.

पण दफनविधीच्या त्या शनिवारी, जेवणानंतर, दोघी बुकित बातोकहून परत निघाल्या तेव्हा सिस्टर मोआलाच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. जुरोंग ईस्टला गाडी बदलली असती तर लवकर पोचल्या असत्या. जाईनं उलट दिशेची गाडी धरली. ती उत्तरेकडून लांबचा वळसा घालते, पण तोआ पायोहपर्यंत उठावं लागत नाही. गाडी उन्हात धावू लागली, इमारतींच्या रांगा, बांबूंवर वाळत घातलेले कपडे मागं जाऊ लागले. सिस्टर मोआलाचं डोकं हळूहळू कलत कलत जाईच्या खांद्यावर आलं आणि ती झोपली. चटई अजून कमरेला होती. समोर बसलेल्या एका मुलीनं टक लावून बघितलं. जाईनं तिच्याकडं बघून हसून इंग्रजीत हळूच सांगितलं, "हिचे वडील गेले." त्या मुलीनं कानातले इअरफोन काढले आणि मान लववली.

गाडी भुयारात शिरली आणि तोआ पायोह आलं. दारं उघडली, माणसं उतरली, चढली. जाई हलली नाही. तिचा खांदा बधिर झाला होता आणि त्यावर त्या मोठ्या डोक्याचा संथ श्वास येत जात होता. दारं मिटली. गाडी पुढं निघाली, एकेक स्टेशन मागं टाकत अगदी शेवटच्या समुद्रकाठच्या स्टेशनापर्यंत गेली, आणि तिथं जाईनं तिला हलकेच उठवलं.